दोर सुटला

“याचं वजन किती असेल हो?” शिडीच्या वरच्या पायरीवरून इलेक्ट्रिशियनने विचारलं.

“कधी तोललं नाही,” खालून अण्णा म्हणाले. “पहिल्या अंकाला हलका असतो. तिसऱ्या अंकानंतर फार जड होतो.”

इलेक्ट्रिशियन हसला नाही. त्याने दर्शनी पडद्याच्या लाकडी दांडीला टेप लावली, एक आकडा मोठ्याने उच्चारला आणि खाली उभ्या असलेल्या सेक्रेटरींनी तो वहीत टिपून घेतला. पेन खिशाला लावता लावता त्यांचं अण्णांकडे लक्ष गेलं आणि ते जरा ओशाळले. लहानपणी याच थिएटरच्या उन्हाळी शिबिरात ते झाड झाले होते. झाडाने नाक खाजवायचं नसतं, हे त्यांना अण्णांनीच सांगितलं होतं.

“मनाला लावून घेऊ नका, अण्णा,” ते म्हणाले. “नुसतं माप घेऊन ठेवतोय. कमिटीत निम्मे म्हणतात मोटार बसवा, बटण दाबलं की काम. निम्मे म्हणतात, अण्णा आहेत तोवर चालू दे. मी तुमच्याच बाजूचा. पण एवढे उन्हाळी कार्यक्रम सुखरूप पार पडू देत. काही इकडंतिकडं झालं, तर मग मलाही तोंड उघडता येणार नाही.”

“अडतीस उन्हाळे झाले. कधी इकडंतिकडं झालंय?”

“म्हणून तर अजून टेपवरच थांबलोय,” सेक्रेटरी म्हणाले.

अण्णा पडदा ओढत. गावात त्यांची एवढीच ओळख होती आणि आजवर ती पुरली होती. थिएटर एकशे दहा वर्षांचं. हातभर जाडीच्या दगडी भिंती, वर लाकडी गॅलरी, नंबर पुसट झालेल्या खुर्च्या. बाहेर डांबर मऊ पडलं तरी आत गारवा असायचा. म्हणूनच कुणा जुन्या जाणत्यांनी ऐन उन्हाळ्यात सहा आठवड्यांचे कार्यक्रम सुरू केले होते. सकाळी मुलांचं शिबिर, दुपारी तालमी, दर शनिवारी पाच वाजता प्रयोग. निम्मं गाव नाटकासाठी यायचं, निम्मं गारव्यासाठी. अण्णांच्या मते खरे रसिक हे गारव्यावाले. ते मध्येच उठून जात नसत.

अण्णांची जागा डाव्या विंगेत होती. तिथे एक स्टूल, भिंतीत लोखंडी खुंटी आणि वरच्या कप्पीवरून उतरलेला मनगटाएवढा दोर. समोरून त्यांनी एकही नाटक पाहिलेलं नव्हतं. माणसं त्यांना बाजूने ठाऊक होती. राजाच्या मानेवरचा घाम, रडणाऱ्या नायिकेची बोटांनी चाललेली चुळबूळ, खलनायकाची टाच उडायला लागली की तो ओळ विसरणार हे त्यांना प्रॉम्प्टरच्या आधी कळायचं.

आता मात्र ते दमले होते. उजवा खांदा असा आखडला होता की केस विंचरायला डावा हात लागे. शनिवारचा प्रयोग झाला की मंगळवारपर्यंत दंड जड असायचा. गेली पाच वर्षं ते दर उन्हाळ्यात म्हणत, “एवढं झालं की सांगून टाकतो.” बायको म्हणायची, “सांगाल हो. मला आधी सांगा म्हणजे मी खुर्चीत नीट बसून ऐकेन.” तिचे गुडघे गेलेले होते, जीभ शाबूत होती.

खरी गोष्ट अशी की अण्णांना सोडायचं होतं, पण आपल्या तोंडाने. शेवटचा प्रयोग करायचा, दोर खुंटीला गुंडाळायचा, सेक्रेटरींना म्हणायचं, ‘बघा, आता तुम्ही मोटार लावा.’ बस्स. हार नको, भाषण नको. फक्त काढलं नाही, सोडलं, एवढं लोकांना कळावं. सेक्रेटरी वही मिटून गेल्यावर त्यांनी मनाशी ठरवलं, हाच उन्हाळा. शेवटचा शनिवार झाला की सांगायचं.

तिसऱ्या आठवड्यात सर तालमीला आले.

सर म्हटलं की गावात कुणी ‘कुठले?’ असं विचारत नसे. त्यांनी बत्तीस वर्षं भूगोल शिकवला होता आणि तेवढीच वर्षं थिएटरमध्ये कामं केली होती. गावातल्या पन्नाशीच्या माणसालाही सर रस्त्यात दिसले की हातातली सिगारेट कुठे लपवावी कळत नसे. दोन वर्षं तब्येतीमुळे ते स्टेजवर उभे राहिले नव्हते. यंदा पाचव्या शनिवारी त्यांचं जुनंच नाटक ठरलं होतं. तीन मुलांना घर वाटून देणाऱ्या बापाचं. शेवटी बाप रिकाम्या घरात खुर्चीवर एकटा बसतो आणि बारा मिनिटं बोलतो. गावात त्याला नुसतं ‘सरांचं भाषण’ म्हणत. लोक नाटक विसरत, भाषण विसरत नसत.

“काय राजे?” विंगेत येऊन सरांनी अण्णांच्या पाठीवर थाप मारली. “आहेस ना अजून?”

“आहे की. तुम्ही आलात, आता उन्हाळा सुरू झाला म्हणायचं.”

दोघं एकाच वयाचे. तरी सर अण्णांना ‘तू’ म्हणत आणि अण्णा सरांना ‘तुम्ही’. त्यात कुणालाच काही खटकत नसे. प्रयोगाआधी सर नेहमी विंगेत येऊन विचारत, “काय राजे, उघडायचं का?” अण्णा म्हणत, “उघडू या, सर.” मगच तिसरी घंटा व्हायची.

तालमी सुरू झाल्या आणि अण्णांना ते दिसायला लागलं. पहिल्या दिवशी सर दाराऐवजी भिंतीकडे निघाले. सगळे हसले, सरही हसले. दुसऱ्या दिवशी तालीम संपल्यावर त्यांनी विचारलं, “राजे, आज कुठला अंक करायचाय?” अण्णांना वाटलं, गंमत करताहेत. पण सर उत्तराची वाट बघत उभे होते.

प्रॉम्प्टिंगला कॉलेजात जाणारी एक मुलगी होती. शिबिरातच वाढलेली. ती विंगेच्या कडेला मांडीवर संहिता घेऊन बसे. सरांना शब्द दिला की ते तिच्यावर डाफरत, “मला येतं! मी थांबलो म्हणजे विसरलो नाही, त्याला विराम म्हणतात!” मुलगी खाली मान घालायची. विराम दिवसेंदिवस लांबत चालले होते.

पहिल्या रांगेत सरांच्या पत्नी येऊन बसत. गाव त्यांना वहिनी म्हणे. मांडीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि सरांचा चष्म्याचा दुसरा जोड. सर बोलायला लागले की वहिनींचे ओठ हलत. ओळ न ओळ. एकदा तालमीनंतर अण्णांनी त्यांना दारापाशी गाठलं.

“वहिनी, सर थकलेत का जरा?”

“झोप नीट होत नाही त्यांची,” वहिनी म्हणाल्या.

“हो, उकाडाही फार आहे.”

“फारच.”

दोघांनीही एकमेकांचं खोटं मुकाट्याने मान्य केलं. अण्णांनी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “मग सेक्रेटरींच्या कानावर घाला.” अण्णांनी दोन दिवस विचार केला. कानावर घालायचं म्हणजे काय सांगायचं? सरांना उभं राहू देऊ नका? बाजूने बघणाऱ्या माणसाने समोरून बघणाऱ्यांना हे सांगायचं? त्यांनी सांगितलं नाही. पुढे पुष्कळ दिवस त्यांना वाटत राहिलं की चूक झाली असेल तर ती तिथेच झाली.

पाचव्या शनिवारी थिएटर गच्च भरलं. गॅलरीच्या पायऱ्यांवरसुद्धा माणसं. पुढच्या दोन रांगांत शिबिराची मुलं पाय हलवत बसलेली, पहिल्या रांगेच्या टोकाला वहिनी. पाचला पाच कमी असताना सर बापाच्या जुन्या कोटात विंगेत आले.

“काय राजे, उघडायचं का?”

“उघडू या, सर.”

घंटा झाली. अण्णांनी दोर खुंटीवरून सोडवला, खांद्यात कळ आली ती दातांखाली धरली.

“काय राजे,” सर पुन्हा म्हणाले, अगदी त्याच आवाजात, “उघडायचं का?”

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं. “उघडू या,” ते म्हणाले आणि पडदा वर घेतला.

दोन अंक असे झाले की अण्णांना स्वतःचीच लाज वाटली. सर जुनेच सर होते. आवाज गॅलरीच्या शेवटच्या बाकापर्यंत जात होता. मुलगी संहितेवर बोट फिरवत होती, पण तिला एकदाही तोंड उघडावं लागलं नाही. मध्यंतरात सेक्रेटरी आत येऊन म्हणाले, “काय तब्येत लागलीय! वीस वर्षांनी लहान झालेत.”

तिसऱ्या अंकाच्या शेवटी मुलं घर सोडून गेली, दिवे मंद झाले आणि सर खुर्चीत एकटे उरले. भाषण सुरू झालं. थिएटर शांत. तीन-चार मिनिटं गेली. बापाने बांधकामाच्या दिवसांची आठवण सांगितली, पायाचा दगड कसा बसवला ते सांगितलं, आणि सर थांबले.

मुलीने हलकेच शब्द दिला. सरांनी तो उचलला. पण तो उचलून ते पुढे गेले नाहीत, मागे गेले. भाषण पहिल्यापासून सुरू झालं. प्रेक्षकांना काही कळलं नाही. म्हातारा माणूस तेच तेच बोलतो, त्यांना ते खरंच वाटलं. पायाच्या दगडापाशी सर पुन्हा थांबले. मुलीने शब्द दिला, जरा मोठ्याने. सर पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा मुलीचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत गेला असावा, कारण शिबिरातल्या दोन मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. गॅलरीत कुणीतरी खोकलं.

सर उठून उभे राहिले. त्यांचा हात गळ्याशी गेला. त्यांनी कोटाचं बटण काढलं, मग दुसरं, मग आतल्या शर्टाचं. बाहेरून दमून आलेला माणूस घरात शिरल्यावर काढतो तसं, सावकाश. मग ते डावीकडे वळले आणि त्यांची नजर अण्णांवर आली.

“अहो,” सर म्हणाले. आवाज बापाचा नव्हता, आणि तो विंगेपलीकडे गेला नाही. “अहो, जरा ऐकता का? मला घरी जायचंय. इथून वाट कुठून आहे?”

इतक्या वर्षांत सरांनी अण्णांना कधी ‘अहो’ म्हटलेलं नव्हतं.

मुलीच्या हातातली संहिता खाली पडली. सरांची शर्टाची बटणं संपली होती आणि हात पट्ट्याकडे गेला होता. समोर सातशे माणसं. त्यातली निम्मी त्यांच्या वर्गात बसलेली.

पडदा टाकायचा म्हणजे दोर हातावर हात घेत हळूहळू सोडायचा असतो, चांगले नऊ हात. अण्णांनी दोन्ही मुठी उघडल्या.

दांडी धाडकन जमिनीवर आदळली. धुळीचा लोट उठला. बाहेर कुणीतरी शिट्टी मारली, गॅलरीतून आवाज आला, “अण्णा झोपले रे!” आणि सगळं थिएटर हसलं.

अण्णा तोवर स्टेजवर होते. सरांचा पट्ट्यावरचा हात त्यांनी बाजूला केला आणि शर्टाची बटणं लावायला घेतली. उजवा हात वर जाईना, म्हणून डाव्याने लावत होते. मागच्या दाराने वहिनी धावत आल्या. त्यांच्या मागोमाग, तिकीटखिडकीवरचा हिशेब तसाच टाकून, सेक्रेटरी.

“काय झालं? काय झालं काय?”

“दोर सुटला,” अण्णा म्हणाले.

“सुटला म्हणजे?”

“हातातून सुटला. खांद्यात कळ आली.”

सेक्रेटरींचं लक्ष सरांच्या उघड्या गळ्याकडे गेलं. “सरांना लागलं का?”

“दांडी जवळून गेली. घाबरलेत जरा. मोकळी हवा लागावी म्हणून मीच बटणं काढली.”

वहिनींनी बाटली सरांच्या ओठाला लावली. सर दोन घोट प्याले, त्यांनी डोळे मिटून उघडले, आणि जसे हरवले होते तसेच ते भानावर परत आले. पडद्याकडे पाहिलं. अण्णांकडे पाहिलं.

“पडदा का पाडलास?”

“चुकलं, सर.”

“चुकलं? माझं भाषण अर्धं राहिलंय! गाढवा, अडतीस वर्षं याच दोराला लटकलायस आणि आज, आज माझ्या प्रयोगाला?” त्यांचा आवाज पडद्यापलीकडे नक्की जात होता. “झेपत नाही तर घरी बसावं माणसाने. लोकांच्या कामाची माती करू नये. उचल पडदा. मी पुढचं करतो.”

वहिनींनी बाटलीचं झाकण लावून ती पिशवीत ठेवली.

“उचलता नाही यायचा,” अण्णा म्हणाले. “कप्पी अडकलीय.”

कप्पी अडकलेली नव्हती. सेक्रेटरींनी वर पाहिलं असतं तर त्यांना दिसलं असतं. पण ते पडद्याच्या फटीतून बाहेर गेले आणि माइकवर म्हणाले की पडदा ओढणाऱ्यांच्या हातून चूक झाल्यामुळे प्रयोग इथेच थांबवावा लागत आहे, त्याबद्दल थिएटर दिलगीर आहे, आणि आपल्या लाडक्या सरांसाठी एकदा जोरदार टाळ्या होऊ द्या. सर कोटाची बटणं लावून पडद्याबाहेर गेले. लोक उठून उभे राहिले. टाळ्या थांबेनात. अण्णा पडद्याच्या आतल्या बाजूला उभे राहून ऐकत होते. मखमलीतून टाळ्यांचा आवाज दबका येतो, शेजारच्या घरात कार्य असावं तसा.

प्रॉम्प्टर मुलगी त्यांच्याजवळ आली. रडून तिचं नाक लाल झालं होतं.

“काका, मी सांगते सेक्रेटरींना. मी ऐकलंय सगळं. तुमची काहीच चूक—”

“तू काय ऐकलंस? तुझं काम सांगायचं. ऐकायचं माझं.”

“पण ते तुम्हाला काढतील.”

“काढू देत. काढण्यासारखं माझ्याजवळ एक हा खांदाच उरलाय.” मग तिचा चेहरा बघून ते हळू म्हणाले, “बाळ, उद्या सर बाजारात जातील, भाजी घेतील. लोक त्यांच्याशी वाकून बोलतात. ते तसंच राहू दे. माझ्याशी कुणी वाकून बोलत नाही, माझं काय जाणारे?”

पण जायचं ते गेलंच. घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. बायको पाय पाटावर ठेवून बसली होती.

“दोर सुटला म्हणे.”

“हं.”

“तुमच्या हातून.”

“हं.”

“एकेचाळीस वर्षं संसार केलाय मी तुमच्याशी,” ती म्हणाली. “धरलेलं भांडणसुद्धा तुमच्या हातून आठ-आठ दिवस सुटत नाही. दोर बरा सुटला.”

अण्णांनी सदरा काढून खुंटीला अडकवला. तिने पुढे विचारलं नाही. उठून गुडघ्यावर हात देत ती आत गेली, तेलाची वाटी कोमट करून आणली आणि त्यांच्या खांद्याला चोळायला लागली. वाटी संपत आली तेव्हा म्हणाली, “सरांना लागलं नाही ना?”

“नाही.”

“मग झालं.”

सोमवारी कमिटी बसली आणि मंगळवारी सेक्रेटरी घरी आले. चहा घेतला, कपाच्या कानाशी खेळत बसले. “अण्णा, मी बोललो तुमच्यासाठी. पण आता मुद्दा सुरक्षेचा आलाय. पुढे लहान मुलं बसतात. दांडी कुणाच्या अंगावर पडली असती तर?” मोटार शेवटच्या शनिवारच्या आत बसणार होती. अण्णांना दारावर तिकिटं फाडायला बसता येईल, असं कमिटीचं मत होतं.

“नको,” अण्णा म्हणाले. “फाडाफाडी नाही जमायची.”

शेवटच्या शनिवारी शिबिराच्या मुलांचं नाटक झालं. अण्णा गेले नाहीत. पाचच्या सुमाराला त्यांनी घराची खिडकी लावून घेतली, उकाडा असूनही. बायकोने ती उघडली नाही.

त्यांना राग आला नाही असं नव्हतं. आला. वाणी म्हणाला, “अण्णा, दुकानाचं शटर जरा जपून हं!” आणि गिऱ्हाईकं हसली, तेव्हा आला. सर बाजारातून येताना समोरून दिसले, त्यांनी मान फिरवली, तेव्हा तर असा आला की भर रस्त्यात सांगून मोकळं व्हावं. अण्णा पिशवी या हातातून त्या हातात घेऊन पुढे गेले. दमलेल्या माणसाला रागही फार वेळ उचलून धरता येत नाही.

उन्हाळा ओसरल्यावर एका सकाळी वहिनी आल्या. दारातच थांबल्या. अण्णांच्या बायकोने त्यांना हाताला धरून आत आणलं, बसवलं आणि “दूध उतू जाईल” म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. दूध अजून तापायला ठेवलेलं नव्हतं.

“मी पहिल्या रांगेत होते,” वहिनी म्हणाल्या.

“माहितीय.”

“डॉक्टरांनी आता नाव सांगितलंय आजाराला. आम्हाला आधीच कळलं होतं, पण यांना एकदा ते भाषण करायचं होतं. मीच म्हटलं, करू दे.” त्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या. “सेक्रेटरींना सांगायला मी दोनदा चप्पल घालून निघाले. दोनदा कोपऱ्यावरून परत आले. सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तुमच्यावर अन्याय झाला तो मी डोळ्यांनी बघितला आणि गप्प बसले.”

“बरं केलंत,” अण्णा म्हणाले. कुणीतरी आपल्या दारात येऊन हे एवढं बोलावं, याची आपण किती वाट बघत होतो ते त्यांना आत्ता कळलं. “बरं केलंत नाही सांगितलं ते. मी सांगितलं नसताना तुम्ही कशाला?”

“आणि आज उलट काही मागायलाच आलेय मी,” वहिनी म्हणाल्या. “संध्याकाळी ते फिरायला जातात. ऐकत नाहीत. परवा दोन तास सापडले नाहीत. शाळेच्या फाटकापाशी उभे होते, घंटा का होत नाही म्हणून शिपायाला विचारत. मी सोबत गेले की चिडतात, म्हणतात मी काय कुकुलं बाळ आहे का. मुलगा परगावी. कुणी ओळखीचं नको असं म्हणतात आणि अनोळखी माणसाच्या हाती मी त्यांना देऊ कसं?”

आतून अण्णांच्या बायकोचा आवाज आला, “हे दिवसभर रिकामेच असतात हो. घरात नुसते पायात येतात.”

तेव्हापासून रोज संध्याकाळी अण्णा सरांच्या फाटकापाशी जाऊन उभे राहत. सर बाहेर येत, अनोळखी माणसापुढे लववावी तशी मान लववत आणि विचारत, “तुम्हीही याच बाजूला का?” अण्णा म्हणत, “हो, याच बाजूला.” मग दोघं निघत. पेठेतून, शाळेवरून, नदीच्या पुलापर्यंत आणि परत. थिएटरचा रस्ता अण्णा टाळत. सर वाऱ्यांबद्दल बोलत, नद्या कुठे उगम पावतात ते सांगत. तिथे ते एकदाही अडखळत नसत. अण्णांना या वयात बराच भूगोल आला.

आणि आठवड्यातून दोन-तीनदा ती गोष्ट निघायची.

“अहो, नाटकं बघता का तुम्ही?”

“बघायचो.”

“माझी बघितली असतील मग. एकदा काय झालं सांगू? ऐन भाषणात एका गाढवाने माझ्यावर पडदा पाडला. भर प्रयोगात! सातशे माणसं होती. बोलायचं राहून गेलं माझं.” त्यांचा चेहरा रागाने लाल व्हायचा, आणि तेवढ्यापुरते ते पूर्वीचे दिसायचे. “कोण होता कोण जाणे.”

“होता कुणीतरी म्हातारा,” अण्णा म्हणायचे. “हात थकले असतील.”

“थकले तर घरी बसावं.”

“आता बसलाय म्हणे.”

“हां. मग ठीक आहे.”

एके दिवशी परतताना शाळेपुढच्या मोठ्या रस्त्यापाशी सर थांबले. कारखाना सुटला होता, दोन्हीकडून गाड्यांची रांग लागली होती. सरांनी अण्णांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“रोज भेटता, पण मी कधी विचारलंच नाही. तुम्ही काय काम करत होता?”

अण्णांनी जरा विचार केला. “ओझं उचलायचो,” ते म्हणाले. “वर न्यायचं, खाली आणायचं.”

“हमाली?”

“तसंच काहीसं.”

“वाईट नाही,” सर गंभीरपणे म्हणाले. “कुणाला तरी ते करावंच लागतं. पाठ टिकली का?”

“पाठ टिकली. खांदा गेला.”

सरांनी मान डोलावली. शाळेतल्या एखाद्या मुलाने बरोबर उत्तर दिल्यावर डोलवायचे तशी. गाड्या येतच होत्या. मग कुणी काही न सांगता त्यांनी आपला हात पुढे केला. अण्णांनी तो डाव्या हातात घट्ट धरला, आणि रस्ता मोकळा होईपर्यंत दोघं म्हातारे कडेला तसेच उभे राहिले.